पडतोय, पण पोचत नाही : उपग्रहांविषयी वाचकांचे प्रश्न

उपग्रहांवर प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात आवाहन केलं होतं. टीव्हीच्या डिशबद्दलच पत्रं येतील अशी माझी अटकळ होती. तशी आलीच, पण त्याहून जास्त आली ती बातम्यांत वाचलेल्या वाक्यांबद्दल. उपग्रह 'स्थिर' कसा, 'कोसळला' म्हणजे नक्की काय झालं, 'गुरुत्वाकर्षणाबाहेर' गेला तर मग परत का येत नाही, वगैरे. मला याचा फार आनंद झाला. वाक्य डोळ्यांखालून जाऊ न देता त्याला थांबवून विचारणारे वाचक असले की सदर लिहिण्यात अर्थ असतो.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत बँकांच्या शाखांवर आणि एटीएमच्या छतांवर व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहामार्फत माहितीची ने-आण करणाऱ्या, डिश बसवण्याचं काम बरीच वर्षं केलं. त्यामुळे उत्तरं त्या अंगाने येतील.

ऐरोलीची अकरावीतली एक विद्यार्थिनी विचारते : अंतराळवीर शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकात होते तेव्हा सगळीकडे 'शून्य गुरुत्वाकर्षणात प्रयोग' असं छापून येत होतं. रॉकेट सुटलं की 'उपग्रह पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाबाहेर गेला' असंही टीव्हीवर म्हणतात. तिथे गुरुत्वाकर्षणच नसेल तर उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो तरी कशाच्या जोरावर? ताई, माझं काही चुकतंय का?

तुझं काहीच चुकत नाहीये. चूक त्या वाक्यात आहे, आणि ती इतक्या वेळा छापली गेली आहे की मोठी माणसंही तिच्यावर विश्वास ठेवून बसली आहेत.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. पृथ्वीच्या मध्यापासून आपण मुळातच जवळजवळ ६,४०० किलोमीटर दूर उभे असतो. त्यात आणखी ४०० मिळवले तर ओढ कितीशी कमी होणार? तिथे गुरुत्वाकर्षण इथल्या सुमारे ८९ टक्के असतं. समजा ४०० किलोमीटर उंच मनोरा बांधता आला आणि त्याच्या टोकावर वजनकाटा ठेवला, तर इथे ५० किलो भरणारी मुलगी तिथे ४४ किलोंच्या वर भरेल. ती तरंगणार नाही, मनोऱ्यावर पाय रोवून उभी राहील. कडेवरून पाय घसरला तर सरळ खाली येईल.

मग अंतराळवीर तरंगतात का? कारण त्या मनोऱ्यावर नसलेली एक गोष्ट त्यांच्याकडे असते : आडवा वेग.

कोणतीही वस्तू सोडली की पहिल्या सेकंदात ती सुमारे ५ मीटर खाली येते. आता पृथ्वी गोल आहे. एखाद्या ठिकाणाहून अगदी सरळ आडवी रेघ ओढत ८ किलोमीटर गेलं, तर तेवढ्या अंतरात जमीन त्या रेघेखाली सुमारे ५ मीटर वळलेली असते. ठाणे स्टेशनपासून कांजूरमार्गपर्यंत रेल्वेने साधारण एवढं अंतर होतं. म्हणजे एका सेकंदात ठाण्याहून कांजूरमार्ग गाठेल इतक्या वेगाने एखादी वस्तू आडवी फेकली, तर ती सेकंदात ५ मीटर पडते आणि तेवढ्यात जमीनही ५ मीटर खाली वळते. पडणं सुरूच राहतं, पण जमिनीशी गाठ पडत नाही. हवेच्या अडथळ्यामुळे ठाण्याच्या उंचीवर हे जमणार नाही, म्हणून हवा अगदी विरळ होते तिथपर्यंत वर जावं लागतं. स्थानकाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर आहे आणि त्याची पृथ्वीप्रदक्षिणा ९३ मिनिटांच्या आसपास पुरी होते. स्थानक पडतंय, त्यातली माणसं पडतायत, शुक्लांनी तिथे भिजवलेले मूग आणि मेथीही त्यांच्याबरोबर पडतायत. सगळे एकाच वेगाने पडत असल्यामुळे कोणी कोणावर दाबत नाही. वजन जाणवत नाही ते यामुळे. याला 'भारहीन अवस्था' म्हणायचं किंवा 'मुक्त पतन'. दोन्ही शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांच्या मराठीत आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

रॉकेटबद्दलही जाता जाता सांगते. श्रीहरिकोट्याचं उड्डाण बघताना रॉकेट फक्त वर जाताना दिसतं, म्हणून 'वर नेऊन ठेवलं' असं मनात बसतं. खरं तर वर चढायला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद आडवा वेग मिळवण्यात खर्च होते. उड्डाणाचं प्रक्षेपण पुन्हा बघ. सुरुवातीची काही सेकंदं सोडली तर रॉकेट समुद्राच्या बाजूला कलत गेलेलं दिसेल. नुसतं ४०० किलोमीटर वर नेऊन सोडलं असतं तर उपग्रह काही मिनिटांत बंगालच्या उपसागरात असता.

आणि 'गुरुत्वाकर्षणाबाहेर' म्हणशील तर चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, तरी पृथ्वीने त्याला याच ओढीने धरून ठेवलंय. मग चारशे किलोमीटरवरचा उपग्रह कुठला बाहेर जातोय? बातमीदारांना माझी कळकळीची विनंती आहे की हे वाक्य लिहिणं थांबवा. 'उपग्रह कक्षेत पोचला' एवढं पुरेसं आहे.

कळव्याहून एक वाचक लिहितात : आमच्या समोरच्या जुन्या सोसायटीच्या जागी पुनर्विकासात टॉवर उभा राहतोय. आमची डिश नेमकी त्याच्याकडे तोंड करून आहे. टीव्ही अजून व्यवस्थित चालतो. डिश बसवणारा मुलगा म्हणाला होता की उपग्रह वर एका जागी स्थिर असतो, काळजी नको. पण टॉवर आणखी चढला तर? शिवाय जोरदार पावसात चित्र का जातं?

तुम्ही कंपनी लिहिलेली नाही आणि सगळ्या सेवा एकाच उपग्रहावर नसतात. म्हणून उदाहरणाला इस्रोचा जीसॅट-३० घेते. तो जानेवारी २०२० मध्ये सोडला आणि ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. नकाशावर बोट ठेवायचं तर विशाखापट्टणमच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला या, श्रीलंकाही मागे टाका आणि विषुववृत्तावर थांबा. त्या बिंदूच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटरवर. आपल्या डोक्यावर तो कधीच नसतो. ठाणे-कळव्यातून बघायचं तर दक्षिणेपासून थोडं पूर्वेकडे वळायचं आणि क्षितिजापासून सुमारे ६५ अंश मान वर करायची. चांगलीच वर.

मग डिश टॉवरकडे का बघते? ती तशी दिसते, बघत नाही. घरगुती डिशचा एलएनबी, म्हणजे पुढच्या दांडीवरचा तो छोटा डबा, मधोमध नसतो. खालच्या बाजूला असतो. मधोमध असता तर त्याची स्वतःची सावली डिशवर पडली असती. म्हणून डिशचा आकारच असा करतात की वरून तिरपी आलेली लहर खालच्या डब्यात जाऊन पडावी. त्यामुळे डिशचं तोंड जिकडे दिसतं त्याहून सुमारे २५ अंश वरून सिग्नल येत असतो. नव्याने कामावर आलेल्या मुलांना हे सांगायला मला हमखास वेळ काढावा लागे. डिश डोळ्यांनी उपग्रहाच्या दिशेला लावायला गेलं की ती चक्क ढगांकडे बघत बसते आणि सिग्नल मोजायच्या मीटरवर काही म्हणजे काही येत नाही.

आता तुमच्या टॉवरचा हिशोब. ६५ अंशांच्या कोनासाठी सोपा नियम असा : टॉवर तुमच्या डिशपासून जितका दूर आहे त्याच्या साधारण दुपटीपर्यंत, डिशच्या पातळीच्या वर, तो चढला तरी अडचण नाही. समजा मध्ये ३० मीटरचं अंतर आहे. तर तुमच्या डिशच्या वर सुमारे ६० मीटर, म्हणजे वीस मजले जाईपर्यंत टीव्ही चालेल. त्यापुढे मात्र जाईल, तेव्हा डिश गच्चीवर हलवण्यासाठी सोसायटीच्या सभेत आत्ताच विषय मांडून ठेवा. टॉवर चढल्यावर सगळेच मागे लागतात. टॉवर नेमका त्या दिशेत नसून जरा बाजूला असेल तर काहीच करायला नको. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर बघा, पण लोखंडी ग्रिलपासून लांब उभे राहा. लोखंडाजवळ होकायंत्र भलतंच सांगतं. गच्चीवर लोखंडी टाकी असली की मी होकायंत्र खिशात ठेवून सूर्यावरून अंदाज घेत असे.

'स्थिर' म्हणाल तर तो उपग्रह तासाला सुमारे ११ हजार किलोमीटर वेगाने पळतोय. त्याची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते आणि पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढाच वेळ लागतो. दोघं बरोबरीने वळतात म्हणून इथून तो हललेला दिसत नाही. तेही आपोआप होत नाही. सूर्य-चंद्राची ओढ त्याला जागेवरून सरकवत राहते आणि कर्नाटकात हासनला असलेल्या नियंत्रण केंद्रातून त्याच्यावरची छोटी इंजिनं, म्हणजे थ्रस्टर, पेटवून त्याला परत ओळीत आणावं लागतं. पंधरा वर्षं आयुष्य म्हणतात ते बहुतेक वेळा या इंधनाचं. आतली यंत्रं ठणठणीत असतात, पण इंधन संपत आलं की त्याला रिटायर करावंच लागतं. आमच्या बाजूला अचूकपणा किती लागतो ते सांगते : डिश एका अंशाने चुकली तर तिथे, उपग्रहापाशी, सहाशेहून जास्त किलोमीटरची चूक होते. म्हणून शेवटचे नट आवळताना एकजण पान्यावर आणि दुसरा मीटरवर डोळे लावून असतो. नट आवळतानाच डिश केसभर सरकते, आणि तो केसभर फरक मीटरवर लगेच दिसतो.

पावसाचं कारण साधं आहे. डीटीएचचा सिग्नल केयू बँडमध्ये, साधारण ११-१२ गिगाहर्ट्झवर येतो. त्याची लहर अडीच सेंटिमीटरची. एवढ्या आखूड लहरीला पावसाचे मोठे थेंब शोषतात आणि विखुरतात. केबलवाल्यांच्या मोठ्या डिश सी बँडवर असतात. तिथे लहर त्याच्या तिपटीएवढी लांब, म्हणून जुलैतसुद्धा त्यांचं काम चालू राहतं. रिमझिम पावसातही चित्र जात असेल तर मात्र पावसाला बोल लावू नका. डिश सरकली असेल किंवा केबलच्या टोकात पाणी शिरलं असेल. मेकॅनिकला बोलवा.

आणखी एक गोष्ट, जी कोणी विचारली नाही पण विचारायला हवी. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, भर दुपारी, आकाश निरभ्र असताना काही मिनिटं चित्र जातं. त्या दिवसांत सूर्य फिरत फिरत बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात सिग्नल बुडतो. आमच्या कामात त्या आठवड्यांत एटीएम बंद असल्याचे फोन एकामागून एक यायचे. उत्तर एकच : हात लावू नका, थोडं थांबा. तक्रार केली म्हणून मेकॅनिक येईपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं.

घणसोलीहून एक शिक्षक : सूर्याचा अभ्यास करणाऱ्या इस्रोच्या आदित्य-एल१ ला उपग्रह म्हणावं का?

पृथ्वीचा उपग्रह नाही. तो पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे १५ लाख किलोमीटरवर, एल-१ या बिंदूभोवती, म्हणजे सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढीचा मेळ बसतो त्या जागेभोवती, फिरतो. २ सप्टेंबर २०२३ ला निघाला आणि ६ जानेवारी २०२४ ला तिथे पोचला. वर्गात 'अवकाशयान' किंवा 'अवकाशातली वेधशाळा' म्हणा. मंगळयान मात्र २४ सप्टेंबर २०१४ पासून मंगळाचा कृत्रिम उपग्रह झालं, हे मुलांना जरूर सांगा.

सीवूड्सच्या एक आजी विचारतात : मोबाइलवर लोकेशन चालू केलं की सॅटेलाइट आपल्याला वरून बघतो, असं नातू सांगतो. खरं का? मग मी बंदच ठेवते.

आजी, जीपीएसचे उपग्रह तुम्हाला बघत नाहीत आणि तुमचा फोन त्यांना काही कळवतही नाही. ते २०,२०० किलोमीटरवरून फक्त बोलत राहतात : मी अमुक उपग्रह, आत्ता अमुक जागी आहे, माझ्या घड्याळात इतके वाजले. तुमचा फोन किमान चार उपग्रहांचं हे बोलणं ऐकतो, कोणाचा आवाज किती उशिरा आला ते मोजतो आणि आपण कुठे आहोत ते स्वतः काढतो. फोनने ऐकलं काय किंवा नाही ऐकलं काय, उपग्रहाला पत्ताच नसतो. 'नाविक' या आपल्या इस्रोच्या जीपीएससारख्या यंत्रणेचे उपग्रहही असेच बोलतात.

यात सगळी करामत घड्याळाची आहे. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तर अंतर ३०० मीटरने चुकतं. आइनस्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे त्या उंचीवरची घड्याळं रोज सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या ३८ पट इतकी पुढे पळतात. ते आधीच धरून दुरुस्त केलं नसतं तर दिवसाअखेर दहा-अकरा किलोमीटरचा घोळ झाला असता आणि तुमची रिक्षा सीवूड्सऐवजी तुर्भ्याला उभी राहिली असती.

नातवाची काळजी अगदीच बिनबुडाची नाही, फक्त बोट दुसरीकडे दाखवायला हवं. फोनने काढलेली जागा पुढे कोणाला सांगायची हे फोनमधली ॲप ठरवतात. सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपला लोकेशनची परवानगी आहे ते नातवाकडूनच तपासून घ्या. टॉर्चच्या ॲपला तुमचा पत्ता कशाला हवा? ते बंद करा. रिक्षा बोलावताना चालू ठेवा.

फोटो काढणारे उपग्रह वेगळे. आपला कार्टोसॅट-३, नोव्हेंबर २०१९ मध्ये सोडलेला, जमिनीवरची २५ सेंटिमीटरची वस्तू एका ठिपक्याएवढी टिपतो. वरून तुमचं डोकं म्हणजे त्या फोटोत एखादा ठिपका. नकाशात दिसणारा तुमच्या इमारतीचा फोटोही त्या क्षणाचा नसतो, कित्येक महिने जुना असू शकतो.

बदलापूरहून एक ज्येष्ठ वाचक : १९७९ साली स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाश स्थानक पडणार म्हणून आम्ही घाबरून होतो. चार वर्षांपूर्वी चंद्रपुरात उपग्रह कोसळला. हे वाढतच जाणार का?

स्कायलॅब ७७ टनांच्या आसपासची होती आणि ती कुठे पडणार हे शेवटपर्यंत नक्की सांगता येत नव्हतं, त्यामुळे तुमची भीती रास्तच होती. ११ जुलै १९७९ ला ती हिंदी महासागर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियावर तुकड्यांनी पडली. कोणाला इजा झाली नाही. एस्परन्स गावाने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोकला होता.

चंद्रपूरचं मात्र दुरुस्त करायला हवं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशात जळत्या तुकड्यांची रांग दिसली आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी पडली. आजूबाजूच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. तो उपग्रह नव्हता. जाणकारांच्या मते तो चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा वापरून झालेला टप्पा होता. हा फरक मी मुद्दाम सांगते आहे, कारण उपाय त्यावर ठरतो. रॉकेटचा रिकामा टप्पा वर तसाच सोडून दिला तर त्याला दिशा देणारं कोणी नसतं. उपग्रहात इंधन शिल्लक असेल तर त्याला सांगून उतरवता येतं. इस्रोने ७ मार्च २०२३ ला मेघा-ट्रॉपिक्स-१ असाच ठरवून प्रशांत महासागरावर उतरवला. वर्तमानपत्रांत 'कोसळला' आणि 'उतरवला' हे दोन्ही एकाच मथळ्यात घालतात, ते बरोबर नाही.

किती काळ वर राहील हे उंचीवर ठरतं. पहिला स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ ला गेला आणि हवेला घासत घासत तीनच महिन्यांत जळून गेला. मार्च १९५८ चा अमेरिकेचा छोटा व्हॅनगार्ड-१ जास्त उंच कक्षेत आहे, तो अजून फिरतोय. तुमच्या टीव्हीच्या उपग्रहाच्या उंचीवर तर घासायला हवाच नाही. तो खाली आणणं परवडत नाही, म्हणून निवृत्तीच्या वेळी उरल्यासुरल्या इंधनाने सुमारे ३०० किलोमीटर आणखी वर ढकलून देतात.

होय, वाढणार आहे, कारण वर जाणाऱ्यांची संख्याच वाढली आहे. प्रत्येक देशाने आणि कंपनीने रॉकेटचा टप्पाही ठरवून समुद्रात उतरवण्याचा खर्च आधीच धरावा, असं माझं ठाम मत आहे. लाडबोरीत ती कडी मोकळ्या जागी पडली म्हणून निभावलं.

येऊरच्या पायथ्याचं एक कुटुंब : संध्याकाळी चालत जाणारा तारा दिसतो, मध्येच विझतो. उपग्रह का? आणि एकदा दिव्यांची माळ दिसली, ती?

न लुकलुकता सरळ सरकत असेल तर उपग्रह. लाल-हिरवे दिवे मिचकावत असेल तर विमान. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे अंधार पडलेला असतो, पण तेवढ्या उंचीवर ऊन असतं, ते त्याच्या अंगावरून चमकतं. पृथ्वीच्या सावलीत शिरला की मध्यावरच विझतो. म्हणून सूर्यास्तानंतरचे आणि सूर्योदयाआधीचे दीड-दोन तास चांगले. मध्यरात्री जवळचे उपग्रह बहुतेक सावलीतच असतात. माळ म्हणजे स्टारलिंक या उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या सेवेचे नुकतेच सोडलेले उपग्रह. काही दिवसांत ते पांगून वर चढतात आणि माळ मोडते.

अवकाश स्थानक सगळ्यात तेजस्वी, चांगल्या फेरीला शुक्राएवढं. ठाण्याच्या दिव्यांतूनही सहज दिसतं, येऊरच्या वर जायची गरज नाही. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' ॲपवर तुमच्या जागेप्रमाणे वेळा मिळतात. ज्या फेरीची उंची ४० अंशांच्या वर दिली असेल ती निवडा, कारण त्याखालची आपल्याकडे इमारतींमागेच जाते. पश्चिमेच्या बाजूने वर येतं आणि जास्तीत जास्त सहा मिनिटं दिसतं. पावसाळ्यात आशा ठेवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गच्चीची किल्ली वॉचमनकडून आधीच घेऊन ठेवा.